संस्थेच्या निधीसाठी समुद्री शर्यत: हौशी क्रूमध्ये पहिल्यांदा उतरताना

आमची पहिली ऑफशोअर, म्हणजे किनाऱ्यापासून दूर खुल्या समुद्रातली, शर्यत 180 सागरी मैलांची होती. आम्ही 97 मैलांवर परत फिरलो. पुढच्या वर्षी तीच शर्यत पूर्ण केली. कर्करोगाशी झगडणाऱ्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेकरता दोन्ही वेळा निधी गोळा केला. तेव्हापासून लोक मला विचारतात, "शिडाच्या नौकेचं काहीच ठाऊक नाही, तरी चालेल का?" चालतं. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी सुरू केलेल्या क्लिपर जगप्रदक्षिणा शर्यतीत तर कधी शिडाला हातही न लावलेली माणसं महासागर ओलांडतात. मात्र त्याआधी त्यांना चार टप्प्यांचं प्रशिक्षण पूर्ण करावंच लागतं. म्हणजे अनुभव नसला तरी चालतो, तयारी नसून चालत नाही.

आम्ही आठ जण होतो. स्किपर, म्हणजे नौकेची कप्तान, आणि तिचा सहायक मुरलेले, बाकीचे सहा नवखे: दोन शिक्षक, एक परिचारिका, एक हिशेबनीस, एक इलेक्ट्रिशियन आणि मी. सात महिने जमेल त्या शनिवार-रविवारी सराव केला. सुरुवातीला प्रत्येकाला सगळं शिकायची घाई होती. सुकाणू धरायला तर रांग लागायची. दुसऱ्या महिन्यात स्किपरने ते थांबवलं आणि प्रत्येकाला एक जागा वाटून दिली. मला डोलकाठीपाशी उभं केलं. हॅलयार्ड, म्हणजे शीड वर चढवायचा दोर, ओढणं-सोडणं आणि रीफ घेणं हे माझं काम ठरलं. नव्या माणसाने आधी एकच जागा पक्की करावी, असं माझं मत आहे. नौकेवर गडबड होते तेव्हा सगळं थोडंथोडं येणारे आठ जण एकमेकांच्या पायांत येतात.

रीफ घेणं म्हणजे वारा वाढला की मोठं शीड थोडं खाली उतरवून बांधायचं आणि त्याचं क्षेत्रफळ कमी करायचं. वाऱ्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा 15 नॉटवरून (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) 21 नॉटवर गेला, तर ऐकायला फरक सहाचाच, पण शिडावरचा दाब जवळजवळ दुप्पट होतो. म्हणून "रीफ घ्यावी का?" असा विचार पहिल्यांदा मनात आला की तीच वेळ. आमचा क्रम असा होता: मेनशीट, म्हणजे मोठं शीड ताणून धरणारा दोर, सैल करायची, हॅलयार्ड खुणेपर्यंत सोडायचा, शिडाच्या पुढच्या कडेची कडी बूमच्या, म्हणजे शिडाच्या खालच्या आडव्या दांड्याच्या, मुळाशी असलेल्या हुकात अडकवायची, हॅलयार्ड पुन्हा ताणायचा, मग मागच्या कडेचा रीफचा दोर विंचवर (दोर ओढायच्या चाकावर) घट्ट ओढायचा, आणि शेवटी मेनशीट परत ताणायची. धक्क्याला बांधलेल्या नौकेवर हे काम पाच मिनिटांचं आहे. रात्री, नौका तिरकी झालेली, तोंडावर पाणी येतंय आणि शीड कानाशी तोफेसारखं फडफडतंय, अशा वेळी खुणेचा रंग दिसत नाही. म्हणून आम्ही हॅलयार्डवर रीफच्या जागी जाड दोऱ्याचे वेढे शिवून घेतले. पहिल्या रीफला एक, दुसरीला दोन. हाताला गाठ लागली की थांबायचं. धक्क्यालाच डोळ्यांवर पट्टी बांधून मी हे तीसेक वेळा केलं असेल. शर्यतीतल्या पहिल्या रात्री तेच कामी आलं.

सुरक्षिततेची शिकवणी कंटाळवाणी वाटते, पण ती कधीही टाळू नका. आज जे नियम आपल्याला जाचक वाटतात, त्यांच्यामागे माणसं गेलेली आहेत. 1979 च्या फास्टनेट शर्यतीत 303 नौका निघाल्या आणि वादळात 15 स्पर्धक खलाशी दगावले. काही नौका सोडून लोक लाइफराफ्टमध्ये (हवा भरून फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्यात) गेले आणि नंतर त्या नौका तरंगताना सापडल्या. नौका पायाखालून बुडायला लागल्याशिवाय राफ्टमध्ये जायचं नाही, हे तेव्हापासून प्रत्येक प्रशिक्षणात घोकून घेतलं जातं. 1998 च्या सिडनी-होबार्ट शर्यतीत 115 पैकी 44 नौकाच पोहोचल्या, सहा जण गेले. मोठ्या शर्यतींत आता क्रूमधल्या ठरावीक लोकांनी समुद्रातल्या बचावाचं प्रशिक्षण घेतलेलं असावंच लागतं. अनेक ठिकाणी क्रूने आधी एकत्र किती मैल केले, तेही दाखवावं लागतं.

नौकेवरून पडायचंच नाही, हा पहिला नियम. अंगावर बांधलेल्या हार्नेसपासून निघणारा पट्टा, म्हणजे टेदर, जास्तीत जास्त दोन मीटरचा असतो. केबिनच्या जिन्यावर उभं असतानाच, बाहेर पाऊल टाकण्याआधी, हात बाहेर काढून तो अडकवायचा. पुढे जाताना डेकवर लांबवर ताणलेल्या जॅकस्टेला, म्हणजे सुरक्षेच्या पट्ट्याला, अडकवून सरकायचं. थंड पाण्यात पडलेल्या माणसाचा पहिल्या मिनिटभरात श्वास आपोआप धापा टाकल्यासारखा सुटतो आणि त्यातच पाणी छातीत जातं. दहाएक मिनिटांत बोटं काम करेनाशी होतात. चांगलं पोहता येणाऱ्यालाही हे चुकत नाही. आणि पाण्यात माणसाचं डोकं नारळाएवढंच दिसतं. सरावात आम्ही एक फेंडर, म्हणजे नौका धक्क्याला घासू नये म्हणून बाजूला टांगायचा फुगा, पाण्यात टाकायचो. इलेक्ट्रिशियनचं काम एकच, त्याच्याकडे बोट रोखून उभं राहायचं, दुसरीकडे नजर न वळवता. एकदा कोणी हाक मारली म्हणून त्याने क्षणभर मान वळवली. तो फेंडर परत शोधायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. त्या दिवशी परतताना कोणी फारसं बोललं नाही.

वॉचचं, म्हणजे पाळ्यांचं, वेळापत्रक आमचं साधं होतं, चार तास काम, चार तास विश्रांती. त्यातले चारही तास झोप मिळत नाही. ओले कपडे काढण्यात आणि हलत्या नौकेत परत चढवण्यात अर्धा तास जातो. पुढच्या वॉचला वीस मिनिटं आधी उठवायचं आणि त्यांनी ठरल्या मिनिटाला वर यायचं. बाहेर कुडकुडणाऱ्याला पाच मिनिटांचा उशीर फार मोठा असतो, त्यावरून चांगल्या क्रूत कडवटपणा आलेला मी पाहिलाय. दमलात तर ते सांगा. खोटा उत्साह दाखवून सुकाणूवर पेंगणारा माणूस सगळ्यांनाच धोक्यात घालतो.

आता पैशांबद्दल. खरं तर हे लिहायला बसलो ते यासाठीच.

पहिल्या वर्षी आमच्या 41 देणगीदारांपैकी 19 जणांनी दर मैलामागे ठरावीक रक्कम कबूल केली होती. कल्पना आमचीच. लोकांनाही आवडली होती. शर्यतीच्या दुसऱ्या रात्री वायुभारमापक तीन तासांत सहा हेक्टोपास्कलने उतरला, म्हणजे वादळ जवळ आलं होतं. दुसरी रीफ घेतलेली असताना मोठ्या शिडाची मागची कड टराटरा फाटली. खाली केबिनमध्ये आमचा हिशेबनीस पहिल्या रात्रीपासून उलट्यांनी आडवा झाला होता. परिचारिका त्याला चमच्याने पाणी पाजत होती आणि ते दर वेळी बाहेर पडत होतं. ती वर आली आणि स्किपरला म्हणाली, "बारा तासांत त्याला लघवी झालेली नाही." स्किपरने नकाशाकडे पाहिलं आणि परत फिरायचं ठरवलं.

मी विरोध केला. मला त्याची आजही लाज वाटते. "फक्त 83 मैल राहिलेत, मुलांचे पैसे आहेत ते," असं मी म्हणालो. ती शांतपणे म्हणाली, "देणगीदारांना मी स्वतः फोन करीन. याला मात्र मी आत्ता किनाऱ्यावर नेणार." मग तिने शर्यत समितीला रेडिओवरून माघार कळवली. हेही लक्षात ठेवा, माघार घेतल्यावर लगेच कळवायचं असतं. नाहीतर तुम्ही धक्क्याला सुखरूप लागलेले असता आणि बचावपथकं तुम्हाला समुद्रात शोधत असतात. आमचा हिशेबनीस सलाइन लावल्यावर दोन दिवसांत उभा राहिला.

परतीच्या वाटेवर मला डोनाल्ड क्रोहर्स्ट आठवत राहिला. 1968 च्या एकट्याने करायच्या विनाथांबा जगप्रदक्षिणा शर्यतीत तो घर आणि धंदा गहाण टाकून उतरला होता. लवकर माघार घेतली तर तो कर्जात बुडणार होता. नौका पुढे जायच्या लायकीची नाही हे त्याला कळलं होतं, पण परतही फिरता येईना. तो खोटी ठिकाणं कळवत राहिला आणि जुलै 1969 मध्ये त्याची नौका रिकामी सापडली. ती शर्यत मुंबईत सागवानात बांधलेल्या 'सुहेली'वरून 312 दिवसांत पूर्ण केली होती नॉक्स-जॉन्स्टन यांनी. बक्षिसाचे 5,000 पौंड त्यांनी क्रोहर्स्टच्या कुटुंबाला देऊन टाकले. आमचं प्रकरण त्याच्यापुढे अगदीच लहान. पण त्या रात्री माझ्या तोंडून जे निघालं ते त्याच दाबाखाली. परत फिरायला पैसे पडत असतील, तर दमलेल्या, भिजलेल्या माणसाचं डोकं सरळ चालत नाही.

दुसऱ्या वर्षी आम्ही दर मैलाचा हिशेब बंद केला. प्रत्येक देणगीदाराला आधीच लिहून कळवलं, की रक्कम शर्यत सुरू होण्यापूर्वी थेट संस्थेकडे जमा करावी, आम्ही अर्ध्यातून परतलो तरी ती संस्थेचीच. दोघांनी नकार दिला, बाकीच्यांना ते पटलं. देणगीचा एकही पैसा आमच्या खात्यातून गेला नाही. नौकेचं भाडं, प्रवेशशुल्क, प्रशिक्षण, खाणंपिणं सगळं आठ जणांनी आपल्या खिशातून भरलं आणि तेही देणगीदारांना स्पष्ट सांगितलं. "माझ्या पैशांवर तुम्ही सहल करताय का?" हा प्रश्न कोणीतरी विचारतंच, आणि विचारण्याचा त्यांना हक्क आहे. आणखी एक गोष्ट कागदावर आणली: माघारीचा निर्णय एकट्या स्किपरचा, त्यावर मतदान नाही. नव्या क्रूच्या पहिल्याच बैठकीत हे विचारून घ्या. उत्तर गोलमाल मिळालं, तर दुसरी नौका बघा.

समुद्र लागण्याबद्दल थोडं. तो कोणालाही लागतो आणि बहुतेकांचा दोन-तीन दिवसांत ओसरतो. अडचण अशी, की आपल्यासारख्यांच्या शर्यती तेवढ्यातच संपतात. त्यावरची गोळी प्रवासाला निघण्याच्या आदल्या रात्रीपासून घ्यावी, उलटी सुरू झाल्यावर ती पोटात टिकत नाही. कोणती गोळी मानवते आणि कोणत्या गोळीने फार झोप येते, हे सरावातच पाहून ठेवा. मळमळायला लागलं की क्षितिजाकडे पाहत सुकाणू धरा, नाहीतर सरळ आडवे व्हा. मधल्या अवस्थेत केबिनमध्ये वाकून बॅग उपसत बसणं सर्वांत वाईट. आमच्या हिशेबनीसाने दुसऱ्या वर्षी हे सगळं काटेकोर पाळलं. उलटी त्याला तरीही झाली, पण दोनदाच.

त्या वर्षी वादळ नव्हतं, उलट वाराच गेला. शेवटच्या रेषेपासून सहा मैलांवर शिडं लोंबायला लागली आणि ओहोटीचा प्रवाह आम्हाला मागे नेऊ लागला. जीपीएसवर पाहिलं तर नौका पुढे तोंड करून उलटी जात होती. स्किपरने नांगर टाकायला लावला. शर्यत चालू असताना नांगर टाकता येतो, फक्त निघताना तो उचलून घ्यावा लागतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. हलका नांगर आणि पुरेसा लांब दोर हाताशी ठेवा, सामानाच्या तळाशी नको. आम्ही जागच्या जागी थांबलो आणि नांगर न टाकलेल्या दोन नौका अंधारात हळूहळू आमच्या मागे सरकत गेल्या. पाण्यावर आवाज नव्हता. त्यांच्यावरची बोलणी स्पष्ट ऐकू येत होती.

पहाटे पावणेचारला प्रवाह फिरला, वाऱ्याची झुळूक आली आणि आम्ही नांगर उचलला. रेषा म्हणजे दोन दिवे. त्यांच्यामधून गेलो तेव्हा सुकाणूवर हिशेबनीस होता. रेडिओवर समितीने आमच्या नौकेचं नाव घेतलं आणि वेळ सांगितली. त्याने ती पुन्हा विचारून घेतली, आणि मगच वहीत लिहिली.