उलट्यांचा पेशंट आला की क्लोराइड बघा

कोकणात ग्रामीण रुग्णालयात इंटर्नशिपला येताय ना, मग एक गोष्ट आधीच पक्की करा: उलट्या आणि जुलाब एका माळेचे मणी नव्हेत. जुलाबात बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार, जातं आणि रक्त आम्लाकडे झुकतं. उलट्यांत जठरातलं हायड्रोक्लोरिक आम्ल जातं आणि रक्त अल्कधर्मी होतं.

मालवणकडचा पेशंट सांगतो, "पोटात पाणीव रवणा नाय." जीभ सुकलेली, बोटांना मुंग्या, श्वास संथ. रिपोर्ट साधारण असा: सोडियम 134, पोटॅशियम 2.6 आणि क्लोराइड 82 (दोन्ही कमी), बायकार्बोनेट 38 (जास्त). पोटॅशियम गेलं कुठे, असं मी विचारते. उत्तर ठरलेलं, "उलटीतून." पण लिटरभर जठररसात ते जेमतेम 10 मिलिइक्विव्हॅलंट (क्षार मोजायचं एकक) असतं. खरी गळती लघवीतून होते. पाणी आटलं की अल्डोस्टेरॉन हे संप्रेरक वाढतं; मूत्रपिंड सोडियम धरून ठेवतं आणि त्यापायी पोटॅशियम व हायड्रोजन सोडून देतं. जादा बायकार्बोनेट बाहेर टाकायला क्लोराइड लागतं, तेच संपलेलं. म्हणून पुढे पुढे रक्त अल्कधर्मी आणि लघवी मात्र आम्लधर्मी! शरीर पाणी वाचवण्यासाठी आम्ल-अल्कलीचा तोल पणाला लावतं. हे एकदा उमगलं की उपचार पाठ करावे लागत नाहीत.

नॉर्मल सलाईन लावा; त्यात लिटरला 154 मिलिइक्विव्हॅलंट क्लोराइड आहे. इथे आरएलला (रिंगर लॅक्टेट सलाईनला) हात घालू नका, त्यातल्या लॅक्टेटचं यकृतात बायकार्बोनेटच होतं. लघवी सुरू झाली की केसीएल (पोटॅशियम क्लोराइड), बाटलीत नीट मिसळून, तासाला साधारण 10 मिलिइक्विव्हॅलंट. थेट शिरेत कधीही, कुणीही सांगितलं तरी, देऊ नका. हृदय बंद पडतं. एवढं करूनही पोटॅशियम वर येत नसेल तर मॅग्नेशियम तपासा.

नातेवाईक मायेने शहाळं आणतात. त्यात पोटॅशियम भरपूर, सोडियम फार थोडं. लघवीच होत नसलेल्या पेशंटला ते देऊ नका, आणि का ते घरच्यांना समजावून सांगा. उलट्या थांबल्यावर मीठ घातलेली पेज उत्तम.

उलटीचा रंग विचारायला विसरू नका. हिरवी असेल तर पित्तासोबत बायकार्बोनेटही जातंय, वरचं गणित तसंच्या तसं लागू होत नाही, आणि आतड्यात अडथळा आहे का ते आधी बघावं लागतं. महिन्याभराचं बाळ दूध पिताच पांढरी उलटी जोरात लांब फेकत असेल, तर जठराचं आतड्याकडचं तोंड अरुंद झालेलं असू शकतं. त्याला सर्जनकडे पाठवा. पण ऑपरेशन आधी नाही, क्लोराइड आणि पोटॅशियम जागेवर आल्यावरच.