रात्रपाळीची चलने आदल्या दिवसात का जात होती?

चाकणच्या आमच्या कारखान्याची क्लाउडवरील साठा-प्रणाली ग्राहक कंपनीच्या खरेदी-प्रणालीशी एपीआयने (दोन प्रणालींनी आपसांत माहिती देण्याघेण्याच्या दुव्याने) जोडल्यावर रोजचा ताळमेळ काही केल्या जुळेना. आठवडाभर आम्ही एकमेकांच्या नोंदींवर संशय घेतला. अखेर लक्षात आले की, फरक केवळ रात्री १२ ते पहाटे ५:३० या वेळेतील मालाच्या चलनांतच येतो; कारण आमची प्रणाली भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असलेली यूटीसी ही जागतिक प्रमाणवेळ पाठवत होती आणि समोरची प्रणाली तिच्यातून फक्त तारीख उचलत होती. मग आयएसओ ८६०१ या तारीख-वेळ लिहिण्याच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या रीतीने भारतीय वेळेपुढे +०५:३० लावून आम्ही ती चलने पुन्हा पाठवली. चलन क्रमांक तोच असल्यास जुनी नोंदच दुरुस्त करण्याची सोय त्यांनी ठेवली होती, हे आमचे नशीब.