लेस्टरला निघालाय ना, मग फेब्रुवारीत ट्रे भरा

गड्ड्याच्या जत्रेसाठी सोलापूरला आलोय आणि रोज कोणीतरी गाठून विचारतंय, दादा आम्ही पण तिकडंच, इंग्लंडात लेस्टरला येतोय, भाजीपाल्याचं काय करता ओ? म्हणून एकदाच लिहून टाकतो. चौदा वर्षं झाली मला तिकडं, मागच्या अंगणात सहा बाय आठ फुटांचं जुनं काचेचं ग्रीनहाऊस आहे, हीटर वगैरे काही नाही.

पहिलं म्हणजे इथून बॅगेत बी भरू नका. रोग-कीड नसल्याच्या सरकारी सर्टिफिकेटशिवाय चालत नाही, आणि कांद्याचं बी नेलं तरी फुकट, कारण आपला कांदा छोट्या दिवसावर पोसणारा, तिकडं जूनमध्ये दिवस जवळजवळ सतरा तासांचा, त्यामुळं पात नीट वाढायच्या आतच लिंबाएवढी गाठ धरून बसतो. तिकडचीच जात घ्या. धने मात्र किराणा दुकानातले चालतात, चपलेखाली हलके रगडून दोन फाका करायच्या.

डिसेंबरात घाई नको, तेव्हा दिवस पावणेआठ तासांचाही नसतो, रोपं उजेडासाठी लांबट होऊन लोळतात. फेब्रुवारीच्या मध्याला दहा तास उजेड होतो, तेव्हा ग्रीनहाऊसमध्ये ट्रेत ब्रॉड बीन्स (मोठ्या चपट्या दाण्यांचा घेवडा), मटार, पालक, लेट्युस, कांदा पेरा. ही सात-आठ डिग्रीलाही उगवतात, फक्त वेळ घेतात, तीन आठवडे काहीच दिसलं नाही तरी माती उकरून बघू नका (मी बघितलंय, मोड तुटला). मिरची, टोमॅटो, वांगं तिथं अजिबात नाही, ती घरात खिडकीत.

आता खरी गोष्ट पाण्याची. आपला हात सोलापूरचा, कुंडी दिसली की तांब्या ओतायचा. पहिल्या वर्षी आई व्हिडिओ कॉलवर रोज म्हणायची, दोन टाईम पाणी घाल की रे, वाळतील पोरं. घातलं. आठवड्यात पालकाची सगळी रोपं मातीलगत दोऱ्यासारखी बारीक होऊन आडवी. थंडीत माती वाळतच नाही ओ, वर बुरशी धरते. आता सकाळी ट्रे पाण्याच्या उथळ टबात ठेवतो, वरची माती काळसर झाली की बाहेर, मग चार-पाच दिवस हात लावत नाही. पाण्याचा कॅन पण आदल्या रात्री आतच ठेवायचा, नळाचं बर्फासारखं असतं.

रात्री आत जवळपास बाहेरएवढीच थंडी असते हे कोणी सांगत नाही. मी शहाणपणा करून आपली चादर पांघरली, सोलापुरी, डबल! पहाटेपर्यंत ओल पिऊन ती एवढी जड झाली की लेट्युस खाली चपटं. त्यासाठी फ्लीस म्हणून पांढरं हलकं कापड मिळतं, ते टाका आणि सकाळी काढा. आणि ऊन पडलं की दार उघडा, मी आत सकाळी उणे एक आणि दुपारी चोवीस एकाच दिवशी बघितलंय, बाहेर जॅकेट घालून फिरतोय आणि आत रोपं माना टाकून. साडेतीनला परत बंद.

राहिले उंदीर. मटार आणि बीन्सचे दाणे एका रात्रीत शोधून खातात, ट्रेवर बारीक जाळी दाबून बसवा. आणि काम करताना खायला म्हणून नेलेला शेंगाचटणीचा डबा तिथंच विसरून येऊ नका, माझा प्लास्टिकचा होता, झाकणासकट कुरतडला.