जुनी जर्मन स्पोर्ट्स कार रोज चालवायचीय? मग या चुका टाळा

दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी ओळखीतून नंबर मिळवून फोन करतं. "दादा, दहा-बारा वर्षांची ऑडी टीटी मिळतेय, नव्या क्रेटाच्या किमतीत. घेऊन टाकू का?" पुढचं वाक्यही ठरलेलं : "टोकन दिलंय." टोकन देऊन सल्ला विचारणं म्हणजे साखरपुडा झाल्यावर पत्रिका बघणं.

मी पुण्यात सहकारनगर ते बाणेर रोज असल्याच गाड्यांमधून जातो. २०१६ ते २०१९ ऑडी टीटी होती (२०११ ची), त्यानंतर २००७ ची पोर्शे बॉक्स्टर. त्यामुळे घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय.

गरम इंजिनावर भाळणं

ही चूक माझीच, म्हणून आधी तीच. टीटी बघायला एका डीलरकडे गेलो तर गाडी दारात चालू करूनच ठेवलेली. एसी थंडगार, सीटा चकाचक. "तुम्ही येणार म्हणून जरा फिरवून आणली," पोरगा म्हणाला. मला ते सौजन्य वाटलं! एक चक्कर मारली, टर्बोने पाठीत धक्का दिला आणि मी खलास. संध्याकाळी पैसे देऊन मोकळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी पार्किंगमध्ये स्टार्टर मारला आणि दोन सेकंद खडखड झाली. मग एकदम शांतता. वॉचमन काका झाडत होते, ते म्हणाले, "साहेब, डब्यात खिळे ठेवलेत का?" मी हसलो. जर्मन गाडी आहे, असेल तिचा तसा आवाज. तीन महिने रोज सकाळी ते खिळे वाजत राहिले आणि मी रोज काहीतरी नवं कारण शोधत राहिलो.

साधारण २०१२ पर्यंतच्या त्या दोन लिटर टर्बो इंजिनात टायमिंग चेन (पिस्टन आणि व्हॉल्व्ह एका तालात ठेवणारी साखळी) ताणून धरणारा टेन्शनर कच्चा होता. रात्रभर गाडी उभी राहिली की त्यातला ऑइलचा दाब उतरतो. आतली खाचांची पट्टी झिजली असेल, तर टेन्शनर मागे सरकतो आणि चेन सैल पडते. सकाळी दाब भरेपर्यंत ती सैल चेन आपटते, तेच खिळे. नुकत्याच बंद केलेल्या गरम इंजिनात दाब टिकून असतो, म्हणून डीलरकडे काहीच ऐकू आलं नाही. आणि एक दिवस चेन दात सोडते. माझी ऑगस्टमधल्या एका सकाळी सोडली. स्टार्टर एरवीपेक्षा हलका, भरभर फिरत राहिला, रिकामा मिक्सर फिरतो तसा. कॉम्प्रेशनच नव्हतं, म्हणजे आत हवा दाबलीच जात नव्हती. पिस्टन व्हॉल्व्हवर आदळले होते. मेकॅनिकने हेड उतरवून वाकलेले व्हॉल्व्ह वर्तमानपत्रावर ओळीने मांडले आणि एक शब्द न बोलता माझ्याकडे बघितलं. बिल साडेतीन लाखांच्या वर गेलं. खिळे वाजले त्याच आठवड्यात चेन आणि टेन्शनर बदलले असते, तर त्याच्या पाचव्या हिश्श्यात भागलं असतं.

तेव्हापासून मी गाडी सकाळी सातलाच बघतो. पोचल्यावर बॉनेटवर तळहात ठेवतो. कोमट लागलं तर भांडण नाही, कोपऱ्यावर चहा घेऊन परत घरी. गार असेल तर रेडिओ बंद, एसी बंद, स्टार्टर मित्राने मारायचा आणि मी इंजिनापाशी मोबाइलवर रेकॉर्डिंग करत उभा. पहिल्या पाच सेकंदांत जे कळतं ते नंतरच्या तासाभराच्या ड्राइव्हमध्ये कळत नाही.

याला जोडून एक : हजार-दीड हजाराचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले एरर वाचणारं यंत्र) लावून "एकही एरर नाही, दादा" म्हणून स्क्रीनशॉट पाठवू नका. एरर पुसायला दहा सेकंद लागतात. त्याच स्कॅनरमध्ये 'रेडिनेस' नावाचं पान असतं, ते उघडा. एरर पुसले की गाडीच्या स्वतःच्या तपासण्या शून्यावर येतात आणि काही दिवस नीट चालवल्याशिवाय पूर्ण होत नाहीत. सगळ्या अपूर्ण दिसल्या तर समजा, कालच कुणीतरी हात फिरवलाय. बॅटरी बदलली, असं उत्तर मिळेल. मग आठवडाभर चालवा, परत येतो, असं सांगायचं.

ऐकीव भीती

बॉक्स्टर म्हटलं की लोक आयएमएस बेअरिंगचं (इंजिनातल्या मधल्या शाफ्टच्या बेअरिंगचं) नाव काढतात आणि तिथेच थांबतात. वर्ष कुणी विचारत नाही. २००५ पर्यंतच्या इंजिनांत हे बेअरिंग लहान आहे, क्लचच्या कामाला गिअरबॉक्स खाली आला की बदलता येतं. २००६ ते २००८ मध्ये मोठं आलं. ते क्वचित जातं, पण इंजिन दोन भागांत उघडल्याशिवाय निघत नाही. २००९ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही. माझी मधल्या गटातली. म्हणून ऑइल दर आठ हजार किलोमीटरला किंवा वर्षाला, जे आधी येईल ते. फिल्टर कागदी असतो. तो फेकण्याआधी घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर पसरतो आणि उन्हात नेऊन लोहचुंबक फिरवतो. बायको याला माझी संकष्टी म्हणते. चकाकणारा धातूचा कीस दिसला तर गाडी हलवायची नाही.

छपराच्या नळ्या

कापडी छपराची गाडी पुण्यात चालते, पण पावसाळा येणार हे धरून घ्यावी लागते. एका ओळखीच्याने बीएमडब्ल्यू झेड-४ घेतली, पहिल्या पिढीची. गाडी सोसायटीत गुलमोहराखाली उभी असायची. गुलमोहराचं पान म्हणजे काय, तांदळाच्या दाण्याएवढी शेकडो इवली पानं. छपराच्या घडीतलं पाणी खाली सोडायला दोन्ही बाजूंना नळ्या असतात, त्यांच्या तोंडाशी हा भुगा जाऊन बसला. जूनचे पहिले दोन पाऊस झाले आणि छप्पर अर्ध्यावर अडकलं. या गाडीत छप्पर चालवणारी हायड्रॉलिक मोटर नेमकी त्याच खळग्याच्या तळाशी बसवलेली आहे. ती पाण्यात बुडून गेली होती. त्याचा फोन आला तेव्हा तो अर्ध्या उघड्या गाडीवर ताडपत्री धरून म्हात्रे पुलावर उभा होता. नवी मोटर येईपर्यंत सबंध जुलै गाडी झाकून ठेवावी लागली.

त्याला मी मे महिन्यात सांगितलं होतं, नळ्या साफ कर. "गॅरेजवाला बघेल," म्हणाला. गॅरेजवाला बघत नाही, कारण त्याला कुणी तसं सांगत नाही.

काम वीस मिनिटांचं आहे. गवत कापायच्या यंत्राची जाड नायलॉन दोरी मिळते. तिचं टोक लायटरने गोल करून हळूहळू नळीत सारायचं. मग कपभर पाणी ओतून ते मागच्या चाकाच्या पुढे खाली टपकतंय का ते बघायचं. एअर गनने हवा मारू नका. आत नळीचा जोड सुटला तर पाणी थेट कार्पेटखाली जातं. मी हे मेच्या शेवटच्या रविवारी करतो, आणि गणपतीच्या सुमारास परत एकदा.

बॉक्स्टरवाल्यांना आणखी एक काम. रेडिएटर पुढच्या बंपरच्या जाळ्यांमागे आहेत, तिथे पानं, कॅरीबॅगा, गुटख्याची पाकिटं सगळं जमतं आणि ओल धरून रेडिएटर खातं. वर्षातून एकदा बंपर काढायचाच.

दिल्लीची स्वस्त गाडी

दहा वर्षांवरची डिझेल, पंधरा वर्षांवरची पेट्रोल दिल्लीत चालवायची नाही, या नियमाच्या धाकाने तिकडच्या गाड्या इकडे स्वस्तात यायला लागल्या. फोटो बघून लोक हुरळतात आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स परत भरायचा असतो हे संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन शिकतात. एनओसी, म्हणजे फॉर्म २८, हातात पडल्याशिवाय पैसे सोडू नका. गाडी पंधराच्या आसपास असेल तर आणखी एक गणित आहे. एप्रिल २०२२ मध्ये पंधरा वर्षांनंतरच्या नोंदणी नूतनीकरणाची फी साध्या कारला ५,००० आणि आयात कारला ४०,००० झाली, शिवाय पर्यावरण कर. माझ्या बॉक्स्टरला पंधरा वर्षं नेमकी त्याच वर्षी भरली. नशीब म्हणतात ते हे.

बाकीच्या, थोडक्यात

सगळं बजेट खरेदीतच संपवणं. वीस लाख असतील तर चौदाची गाडी बघा. उरलेले सहा मजेचे नाहीत, ते पहिल्या दीड वर्षाच्या दुरुस्तीचे आहेत.

टायरची नक्षी बघून खूश होणं. बाजूवर चार आकडे असतात, ३२१६ म्हणजे २०१६ चा ३२ वा आठवडा. कमी चाललेल्या गाडीची नक्षी शाबूत असते आणि रबर लाकूड झालेलं असतं.

"गिअरबॉक्सचं ऑइल लाइफटाइम आहे." कुणाच्या लाइफटाइमपर्यंत, ते विचारा. सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या डीएसजीला (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला) दर ६०,००० किलोमीटरला ऑइल लागतं. बिल दाखवता आलं नाही तर झालं नाही असं धरा.

पुराची गाडी. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या भागावर गाळाची रेघ असेल तर निघा. चेन्नई २०१५ लांबची गोष्ट झाली, जुलै २०२४ ला सिंहगड रोडवर एकतानगरीत गाड्या बुडाल्याच ना?

फोटो दाखवून पार्ट मागवणं. नाना पेठेत पॅड, बल्ब, क्लिपा मिळतील. बाकी पार्ट चॅसी नंबरवरून पार्ट नंबर काढूनच मागवा, शेवटच्या अक्षरासकट. ते एक अक्षर चुकलं की तीन आठवडे थांबून आलेला पंप टेबलावर शोभेला.

घेतल्या-घेतल्या रीमॅप करणं, म्हणजे इंजिनाचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. यावर मी बोलत नाही. सर्व्हिस न करता ताकद वाढवायला निघालेल्या माणसाला माझा नंबर कुणी देऊ नये, एवढंच.

आणि ज्याने आजवर फक्त ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा वाचलाय त्याने टोकन देण्याआधी गाडी स्वतःच्या सोसायटीत आणावी. बेसमेंटचा उतार उतरावा, चढावा. शेजारी मित्र बसवून, मागे सामान ठेवून. मग ऑफिसच्या वाटेवरचे स्पीड ब्रेकर तिरपे घेऊन बघावेत. माझ्या वाटेवर अकरा आहेत. त्यातला सातवा मी आजही शेजारच्या गल्लीतून वळसा घालून टाळतो.