खेळण्यांची पिशवी घरीच ठेवा: स्वमग्न मुलांच्या पालकांसोबत काम करू पाहणाऱ्यांसाठी

स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांच्या घरी जाऊन पालकांसोबत करायच्या या कामात नव्याने येणाऱ्यांना मी पहिली गोष्ट सांगते ती ही, की पहिल्या भेटीला खेळण्यांची पिशवी नेऊ नका. पिशवी उघडली की ‘आता मॅडम शिकवतील’ म्हणून आई बाजूला सरकते. मग ती आणि मूल एरवी एकमेकांशी कसे वागतात, हे बघायचं राहूनच जातं.

मी गोव्यातल्या डिचोली-सत्तरीकडच्या घरांत जाते. तिथे लहान मुलाशी मुद्दाम खेळायला बसण्याची पद्धत कमीच. खेळ चालतो तो अंघोळीच्या पाण्यात, सोप्यावर, नाहीतर नारळ किसताना. एक मुलगा डब्याचं झाकण तासन्‌तास फिरवत बसायचा. झाकण थांबलं की भाजी चिरणारी आई त्यावर हात ठेवून गप्प राही. मुलाने वर पाहिलं की ‘गरगर!’ म्हणत फिरवून देई. नवखा माणूस वहीत लिहील, ‘आई फारशी बोलत नाही.’ माझ्या मते त्या आईला शिकवण्यासारखं फार काही नव्हतंच. मुलाचं लक्ष जिथे होतं तिथे ती गेली आणि थांबली. हे थांबणं भल्याभल्या थेरपिस्टना जमत नाही.

आजोबा किंवा बाबा मात्र बहुधा प्रश्न विचारतात: ‘हे काय? सांग बघू, हे काय?’ काळजीपोटीच विचारतात, पण मूल पाठ फिरवतं. त्यांना ‘विचारू नका’ म्हणून सांगू नका. मूल जे करतंय तेच एकदोन शब्दांत बोलून दाखवायला सांगा: ‘गाडी चालली’, ‘पाणी सांडलं’.

सिलर आणि सिगमन या संशोधकांच्या २००२ च्या अभ्यासात स्वमग्न मुलांचे पालक इतर पालकांइतकेच मुलाच्या कलाने वागताना दिसले. शिवाय जे पालक अधिक कलाने घेत, त्यांच्या मुलांची भाषा पुढच्या काळात जास्त वाढली. पालकांमार्फत स्वमग्न मुलांना मदत करण्याची ‘पास’ नावाची पद्धत गोवा आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत तपासून पाहिली गेली. ती चाचणी २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. ती तर नवख्यांनी वाचायलाच हवी, कारण त्यात पालकांसोबतचं काम तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षण दिलेल्या साध्या कार्यकर्त्यांनी केलं. मुलं ६५. पालकांचा प्रतिसाद सुधारला, मुलं आपणहून जास्त संवाद सुरू करू लागली. दोघांनी मिळून एकाच गोष्टीत रमण्याचा वेळ मात्र घटला. सगळे आकडे एकाच दिशेने जात नाहीत, हे आधीच माहीत असलेलं बरं.

‘पास’ पद्धतीचा कणा म्हणजे व्हिडिओ. आई-मुलाचा थोडा वेळ खेळ टिपायचा आणि नंतर आईबरोबर बसून बघायचा. मोबाईल मुलाच्या उंचीवर धरा, दाराकडून येणारा उजेड पाठीशी घ्या, आणि परवानगी लेखी घ्या. बघताना आधी जमलेला क्षण दाखवा. बहुतेक आया स्वतःला तसं कधी पाहिलेलं नसल्यामुळे पुन्हा लावायला सांगतात.

चतुर्थीच्या दिवसांत भेटी ठेवू नका. घुमट या वाद्याच्या आणि फटाक्यांच्या आवाजाने काही मुलं इतकी बिथरतात की आठवडाभर नेहमीसारखी वागत नाहीत.

घरात कोकणी, पुस्तकात मराठी, शाळेत इंग्रजी, म्हणून ‘एकच भाषा ठेवू का?’ असं पालक विचारतील. जी भाषा आईच्या तोंडी सहज येते ती सोडायला सांगू नका. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचं नुकसान होतं असं अभ्यासांत दिसलेलं नाही.

निदान करणं तुमचं काम नाही, त्यासाठी मुलाला बालविकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवा. पुढे स्पेशल एज्युकेटर किंवा स्पीच थेरपिस्ट व्हायचं असेल, तर भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेलाच अभ्यासक्रम निवडा. प्रवेशाआधी तेवढं तपासून घ्या.