क्रायो-ईएममध्ये कण वेचताय? या चुका टाळा

यवतमाळ जिल्ह्यातल्या गावात बसून मी क्रायो-ईएमचा डेटा चाळतो, म्हणजे गोठवलेल्या नमुन्याच्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधल्या फोटोंतून रेणू, म्हणजेच 'कण', वेचतो; त्यांतून रेणूचा थ्रीडी नकाशा काढतात. मायक्रोस्कोप लांब, सर्व्हर लांब, जवळ फक्त लॅपटॉप आणि मोबाइलचं नेट. चुका मात्र घरपोच येतात, त्याही त्याच त्या.

अर्धवट खुणा

गेल्या दिवाळीत भाचा आला होता. कण वेचणारं तयार सॉफ्टवेअर क्रायोलो वापरायचं सोडून पठ्ठ्यानं फोटोतल्या वस्तू ओळखणारं साधं योलो स्वतःच जुळवलं. दहा मायक्रोग्राफ (मायक्रोस्कोपचे फोटो) घेतले, प्रत्येकात ठसठशीत दिसणाऱ्या पंधरा कणांभोवती चौकटी काढल्या आणि उरलेले शंभरेक तसेच सोडले. "मामा, नमुन्यापुरतं बस झालं न!" सकाळी पाहतो तर मॉडेल मायक्रोग्राफमागे जेमतेम दहा-बारा कण वेचतंय. दोन दिवस तो लर्निंग रेट (मॉडेलच्या शिकण्याचा वेग) खालीवर करत बसला. तिसऱ्या दिवशी मी खुणांची फाइल उघडली आणि कपाळावर हात मारला. चौकट नाही तिथे पार्श्वभूमी, असंच योलो शिकतं. म्हणजे सोडलेला प्रत्येक कण त्याला सांगत होता, 'मी कण नाही.'

क्रायोलो थोडेफार सुटलेले कण सांभाळून घेतं. टोपाझ हे दुसरं सॉफ्टवेअर तर (दोन्ही २०१९ ची) खूण नसलेल्या जागेला 'चूक' न मानता 'माहीत नाही' मानतं. तरी माझी सवय जुनीच आहे: मायक्रोग्राफ पाचच, पण डीफोकस (फोकस किती हलवलाय ते) वेगवेगळा, आणि हाती घेतलेला पूर्ण करायचा. कापूस वेचणाऱ्या बाया पात धरली की शेवटाला नेतात, बोंडं निवडत हिंडत नाहीत. आडवे, उभे, फिकट, सगळे टिपा. नुसते देखणे टिपले तर नकाशा एकाच बाजूनं ताणलेला निघतो.

आकड्याची हाव

क्रायोलोचा थ्रेशोल्ड, म्हणजे किती खात्री असली की कण मानायचा तो आकडा, मुळात ०.३ असतो. पोट्टे तो ०.१ वर आणतात आणि 'कण दुप्पट झाले' म्हणून नाचतात. वाढलेल्यांत कार्बनची कड असते, बर्फाचे डाग असतात. कवडी (खराब कापूस) मिसळून क्विंटल भरतो, भाव पडतो. 'टूडीत गाळू', म्हणजे सारखे दिसणारे कण एकेका क्लासमध्ये गोळा करताना वाईट काढून टाकू, हे मला सांगू नका. कडा एकमेकींशी छान जुळतात आणि ऐटीत स्वतःचा क्लास करून बसतात. मी दहा मायक्रोग्राफ डोळ्यांनी पाहूनच आकडा ठरवतो.

टेम्प्लेटनं (नमुना-चित्राशी जुळवून) वेचलेलं तसंच शिकवणं

निव्वळ गोंगाटाच्या हजार प्रतिमा आइन्स्टाइनच्या फोटोशी जुळवून सरासरी काढली तर आइन्स्टाइनच दिसतो. क्रायो-ईएममधले शास्त्रज्ञ रिचर्ड हेंडरसन यांनी २०१३ मध्ये हा धोका ठासून मांडला. टेम्प्लेटनं वेचलेले कण न तपासता शिकवणीला दिलेत, तर टेम्प्लेटचा पूर्वग्रह मॉडेलमध्ये उतरतो.

किरकोळ, पण रात्र खाणाऱ्या

निगेटिव्ह स्टेनवर (जड धातूचं द्रावण लावलेल्या नमुन्याच्या फोटोंवर) शिकवलेलं मॉडेल क्रायोवर तसंच चालवू नका, काळं-पांढरं उलटं असतं.

एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात कणांच्या जागांचे निर्देशांक नेले की वाय अक्ष उलटू शकतो. एक मायक्रोग्राफ उघडून चौकटी कणांवरच बसल्यात का, ते पाहा.

ट्रेनिंग सर्व्हरवरच्या टीमक्समध्ये (जोडणी तुटली तरी काम चालू ठेवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) लावा. डीपी जळाला की आमच्याकडे तीन-तीन दिवस लाइन नसते, काम मात्र तिकडे सर्व्हरवर चालू राहतं.