फोटोवरून कागदी कोलाज करताय? या चुका टाळा

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात संध्यामठ नावाची दगडी वास्तू आहे, तिचा फोटो समोर ठेवून मी पहिलं कोलाज केलं, तेव्हा रद्दीतल्या मासिकांत जेवढा निळा कागद सापडला तेवढा सगळा पाण्याला लावला. मठ जलतरण तलावात उभा केल्यासारखा दिसायला लागला. फोटो पुन्हा नीट पाहिला, तर निळं जवळजवळ नव्हतंच. राखाडी, शेवाळी, आणि मठाच्या सावलीत चक्क काळं.

सगळ्यात मोठी चूक हीच. ‘पाणी’ म्हटलं की निळा, ‘झाड’ म्हटलं की हिरवा, असं नावावरून आपण कागद उचलतो. त्यापेक्षा मोबाईलवर फोटो कृष्णधवल करा, डोळे किलकिले करून बघा आणि उजेड-अंधाराच्या पाच पायऱ्या ठरवा. कात्रणंही तशीच पाच पाकिटांत घाला, रंग कुठलाही असो. शंका आली तर तुकडा मूळ फोटोशेजारी धरून दोन्हींचा मिळून कृष्णधवल फोटो काढा. सारखे दिसले तर लावा. दगडाला दगडाचंच चित्र लागत नाही. माझ्या मठाचा काळाभोर भाग साडीच्या जाहिरातीतल्या बाईच्या अंबाड्यातून आलाय!

गुळगुळीत कागद हातानं फाडला की एका तुकड्याला पांढरी किनार येते, दुसऱ्याला येत नाही. ही किनार लाटांवर झकास दिसते. दगडावर आली की मठावर बर्फ पडल्यासारखा वाटतो. तिथं कात्री वापरा, नाहीतर किनारीवरून रंगीत पेन्सिल फिरवा.

आधी मठ चिकटवून मग त्याच्याभोवती आकाश कोरत बसू नका. मागून पुढे या: आकाश, पलीकडचा काठ, पाणी, मग मठ. चिकटवण्याआधी सगळी मांडणी करून तिचा फोटो काढा. आणि पंखा बंद करा, हे मी दोनदा शिकलेय.

आता डिंक. कागद पाणी प्यायला की फुगतो, वाळताना आकसतो, म्हणून साध्या ड्रॉइंग शीटवर पांढरा डिंक थापला की शीट द्रोणासारखी वळते. खाली माउंटबोर्ड, म्हणजे जाड, ताठ पुठ्ठा घ्या. डिंक सपाट ब्रशनं पातळ लावा आणि मऊ फडकं मधून कडांकडे फिरवा, म्हणजे बुडबुडे निघतात. बोर्ड तरीही वाकत असेल, तर मागच्या बाजूलाही एक कागद चिकटवा; दोन्हीकडचा ताण सारखा होतो. वर बटर पेपर घालून वजन ठेवा. कोल्हापूरच्या जुलैत एका रात्रीत काही वाळत नाही, दोन दिवस धरा. मी पाटा ठेवते. सासूबाईंना चटणी वाटायची असली की मात्र पंचाईत होते.

वर्तमानपत्राचा कागद शक्यतो नको. त्यातल्या लिग्निन या लाकडातल्या घटकामुळे तो उजेडात पिवळा पडतो. जुनी भिंत करायची असेल तर गोष्ट वेगळी.

चेहऱ्यांच्या वाट्याला पहिल्याच चित्रात जाऊ नका. जायचंच असेल, तर ए-३ कागदावर एकच चेहरा घ्या. पोस्टकार्डाएवढ्या जागेत डोळ्याचा तुकडा चिमट्यातही धरवत नाही.